भिंतीवरची कताना आणि तुटलेली मूठ

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळणे काढले आहे, बाकी जवळपास जसेच्या तसे.)

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, करिअरवर पण नाही. आज तलवारीवर बोलायचंय. हसू नका, हेडफोन लावलेत तर ऐकून घ्या.

कॉलेज संपताना होस्टेलच्या ग्रुपने मला एक जपानी स्टाइलची कताना गिफ्ट दिली होती. ॲनिमे बघणारी गँग होती आमची, त्यामुळे ते गिफ्ट म्हणजे फार मोठी गोष्ट वाटलेली. बॉक्सवर लिहिलं होतं 'फुल टँग, बॅटल रेडी'. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर लावली आणि विसरलो. मधे चार पावसाळे गेले.

गेल्या मे महिन्यात ताई आली होती माहेरी. भाचा सात वर्षांचा. मी मीटिंगमध्ये होतो, दार लावून. या पठ्ठ्याने सोफ्यावर चढून तलवार काढली, म्यानातून उपसली आणि एकदाच जोरात फिरवली. मूठ त्याच्या हातातच राहिली. पातं उडालं आणि खाली बसून मेथी निवडणाऱ्या आईपासून हातभर अंतरावर फरशीवर आपटलं. फरशीचा टवका उडालाय, अजून दिसतो. पात्याला धार नव्हती, पण टोक ते टोकच ना. आणि वजन पाऊण किलोच्या आसपास.

आई एवढंच म्हणाली, "उद्या भंगारवाल्याला दे." तिचं बरोबर होतं, मला कळत होतं. पण त्या मुठीवर आतल्या बाजूला सगळ्या पोरांनी मार्करने सह्या केल्या होत्या. मी म्हटलं, आई, एक महिना दे, नाही जमलं तर देतो.

तर मग सुरुवात कुठून करायची? मी सरळ गेलो आणि सँडपेपर घेऊन आलो. हीच पहिली चूक. पातं चमकवायच्या आधी हातात नेमकं काय आहे ते बघायला हवं होतं. आपण कोणाचा जुना कोड हातात घेतला तर आधी वाचतो ना? इथे मी न वाचताच बदलायला बसलो.

थोडं समजावतो. खऱ्या कतानाचं पातं मुठीच्या आत बरंच लांब गेलेलं असतं. त्या आतल्या भागाला नाकागो म्हणतात. त्याला भोक असतं, आणि मूठ व नाकागो यांच्या आरपार बांबूची एक निमुळती खुंटी जाते, ती मेकुगी. ना नट, ना गोंद. एक खुंटी काढली की अख्खी तलवार सुटी होते: मूठ, हाताचं रक्षण करणारी त्सुबा, पात्याच्या मुळाशी बसणारी धातूची पट्टी हाबाकी, सगळं. शतकानुशतकं ही रचना टिकली, कारण पात्याचा भार मुठीच्या लाकडात खोलवर वाटला जातो. आणि खुंटी झिजली तर नवीन घालता येते.

माझ्या मुठीवर पण खुंटी दिसत होती. मी खिळा ठेवून हातोडीने हळूच ठोकली. टक्कन निघाली. प्लॅस्टिकचं बटण! वरून चिकटवलेलं. मग मुठीच्या शेवटची टोपी काढली तर आत नट. नटला आटे पाडलेली पेन्सिलपेक्षा बारीक सळई, आणि ती सळई पात्याच्या मागे वेल्डिंग केलेली. वेल्डिंगच्या जागी गंज होता आणि तिथूनच तुटलं होतं. याला इंग्रजीत 'रॅट टेल' म्हणतात, उंदराची शेपटी. म्हणजे 'बॅटल रेडी' तलवार चार वर्षं शेपटीच्या जोरावर माझ्या आईच्या डोक्यावर टांगलेली होती.

सजावटीच्या स्वस्त तलवारी बऱ्याचदा अशाच असतात. त्यामुळे तुमच्याकडे असली काही असेल तर आज फक्त एक करा. म्यानातून काढू नका, फिरवू नका, मुठीच्या टोकाला नट आहे का ते बघा. आणि मॅग्नेट लावून 'चिकटलं, म्हणजे असली स्टील' असं समजू नका. मी समजलो होतो. पात्यांना वापरतात त्या ४२० आणि ४४० ग्रेडच्या स्टेनलेसला पण मॅग्नेट चिकटतं.

मग मी वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी तुकडा उलटापालटा करून बघितला. म्हणाले, "दादा, जोडून देतो. पण फिरवली की जोडाच्या शेजारून तुटणार. कडक पोलाद तापलं की बाजूला ठिसूळ होतं." पैसे पण घेतले नाहीत. त्या एका वाक्याने माझा प्लॅन बदलला. फिरवता येईल अशी ही वस्तू कधी होणारच नव्हती.

पण त्याआधी पात्याचं काय केलं ते सांगतो, कारण तिथे माझी मस्त फजिती झाली.

पात्यावर गंजाचे ठिपके होते. स्टेनलेस म्हणजे गंज लागतच नाही असं नाही, दमट हवेत स्वस्त स्टेनलेसला लागतो. मी आधी भांडी घासायची तारेची घासणी वापरली. आठवड्यात जास्त ठिपके आले! कारण त्या तारेचे लोखंडी कण पात्यावर राहतात आणि तेच गंजतात. मग नायलॉनची घासणी, थोडं तेल, आणि पाण्यात भिजवायचा बारीक सँडपेपर, १००० पासून २००० नंबरपर्यंत. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, एकाच दिशेने, लांबीच्या दिशेने घासायचं. पातं टेबलाला क्लॅम्पने बांधायचं, कडेला जाड टेप लावायचा आणि बोटांना ग्लोव्ह्ज.

दहा मिनिटांत पातं चकाचक. आणि हामोन गायब!

हामोन म्हणजे कतानाच्या कडेने जाणारी ती लाटेसारखी पांढुरकी रेघ. खऱ्या तलवारीत ती पोलादाच्या आत असते. लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग तापवून पाण्यात बुडवतो. धारेकडचा भाग झपकन थंड होतो आणि खूप कडक बनतो, पाठ सावकाश थंड होते आणि चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर ती रेघ. पात्याला अर्धचंद्रासारखा बाक येतो, त्यातला बराचसा त्याच क्षणी, पाण्यात येतो. माझा हामोन वरवर उमटवलेला होता. वॉलपेपर हो, दुसरं काय.

वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण खरी भीती नंतर वाटली. आज मी जे केलं ते खऱ्या जुन्या तलवारीवर केलं असतं तर?

हे जरा लक्ष देऊन ऐका. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे बरेच सैनिक बर्माच्या आघाडीवर होते. १९४५ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी शरणागती देताना तलवारी दिल्या, त्यातल्या काही युद्धाच्या खुणा म्हणून लोकांच्या घरी गेल्या. त्यातल्या खूपशा कारखान्यात बनलेल्या होत्या, पण काही अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवलेलं असायचं. वरून बघून फरक कळत नाही. तुमच्या पणजोबांच्या ट्रंकेत असं काही असेल तर त्याला सँडपेपर, घासणी, गंज काढायचं केमिकल, काहीही लावू नका. विशेष करून मुठीच्या आतल्या भागाला. तिथला काळा-तपकिरी गंज जाणकार वय ओळखायला वापरतात, आणि कारागिराने सही कोरली असेल तर ती तिथेच असते. तो गंज काढणं म्हणजे जन्मदाखला फाडणं. जपानमध्ये पातं पॉलिश करणारे वेगळे कारागीर असतात, तोगिशी, आणि ते शिकण्यात दहा-दहा वर्षं घालवतात. माझ्या दहा मिनिटांशी तुलनाच नको.

कायद्याचं पण बोलून टाकतो. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे आणि त्याच्या २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत तलवारीचं नाव आहे. माझं पातं बोथट होतं, बोथटच ठेवलं. धार लावून देणारे भेटतात, तो नाद करू नका. आणि खरी तलवार सापडली तर पोलीस स्टेशनला विचारून पुढचं ठरवा.

बरं, परत माझ्या तुकड्यांकडे. वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी उडालोच. जपानमध्ये चांगलं पातं रोज सजवलेल्या म्यानात ठेवत नाहीत. ते साध्या, रंग न दिलेल्या लाकडी म्यानात ठेवतात, शिरासाया म्हणतात त्याला. मग नक्षीची मूठ, त्सुबा, म्यान हे सगळं एकत्र कसं राहणार? त्यासाठी आत लाकडाचं खोटं पातं घालतात. त्याचं नाव त्सुनागी. म्हणजे भिंतीवर दिसते ती तलवार, पण आत लाकूड!

झालं, उत्तर मिळालं. पॅकिंगच्या खोक्यातली पाइनची पट्टी घेतली. तीन रविवार कानसने घासून पात्याचा आकार आणला. बाक जमायला दोन पट्ट्या वाया गेल्या. मुठीचं लाकूड चिरलं होतं, ते फेव्हिकॉलने जोडून रात्रभर दाबून ठेवलं. आतली फट रुंद केली, आरपार भोक पाडलं आणि खुंटी बनवली बांबूच्या चॉपस्टिकची. आता खरी मेकुगी! काढली की सगळं सुटं.

सगळ्यात जास्त घाम काढला मुठीच्या पट्टीने. जुनी कुजली होती. जांभळी नाक्याच्या बाजारातून चपटी सुती नाडी आणली, चार मीटरच्या वर लागली. प्रत्येक फुलीवर एकदा डावी पट्टी वर, पुढच्या फुलीवर उजवी वर, आणि फुलीखाली कागदाची छोटी त्रिकोणी घडी, म्हणजे पट्टी सरकत नाही. दोनदा सैल झाली म्हणून उकललं. तिसऱ्यांदा ताईने एक टोक धरलं, मी ओढलं. पोरांच्या सह्या नव्या पट्टीखाली गेल्या. दिसत नाहीत, पण आहेत.

पातं शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून पीव्हीसी पाइपमध्ये ठेवलंय, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट, माळ्यावर. खोबरेल तेल नको, ते थंडीत थिजतं. पावसाळ्यात महिन्याला एकदा बघतो. उघड्या बोटांनी धरत नाही, घामाचे ठसे सुद्धा गंजतात.

भिंतीवर आता कताना आडवी आहे, बाक वर करून, म्हणजे धारेची बाजू वर, जपानी पद्धतीने. आईने आधी स्वतः ओढून बघितली. लाकूड दिसल्यावर म्हणाली, "एवढंच होतं तर आधीच लाकडाची आणायची ना."

भाचा दिवाळीत आला. परवानगी मागून काढली, बघितली, आणि विचारलं, "मामा, खरं पातं कुठाय?" माळ्याची शिडी आता मी माझ्या खोलीत ठेवतो.

तुमच्या घरात असली काही वस्तू असेल तर फोटो पाठवा. मुठीच्या टोकाचा पण पाठवा. भेटू पुढच्या रविवारी.