पॅरिसमधली खुणांची शाळा

पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावर एक जुनी दगडी वास्तू आहे. पूर्वी इथे पाद्री घडवणारं विद्यालय होतं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, ते कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेला मिळालं. शाळेची सुरुवात मात्र तिचे संस्थापक अबे द लेपे यांच्या राहत्या घरातली. मुलं आपापसात करत त्या खुणा त्यांनी हसण्यावारी नेल्या नाहीत, त्यांच्याच आधारे शिकवलं. मला हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

१७९७ मध्ये बारा वर्षांचा लोराँ क्लेर इथे दाखल झाला, पुढे इथेच शिक्षक झाला. १८१६ साली तो इथली पद्धत शिकायला आलेल्या अमेरिकी गॅलोडेट यांच्यासोबत अमेरिकेला निघाला. जहाजावर क्लेर खुणा शिकवी आणि इंग्रजी शिकून घेई. पुढच्याच वर्षी तिथे हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा उभी राहिली. अमेरिकी खुणांच्या भाषेत आजही त्या फ्रेंच खुणा सापडतात.

पॅरिसच्या शाळेच्या अंगणात लेपे यांचा पुतळा आहे. तो घडवला फेलिक्स मार्तँ या कर्णबधिर शिल्पकाराने, १८७९ साली. दुर्दैव असं, की पुढच्याच वर्षी मिलानमधल्या कर्णबधिर-शिक्षणाच्या परिषदेने वर्गातून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. या शाळेतही अनेक दशकं तोंडी बोलण्याचीच सक्ती राहिली. खुणांना वर्गात पुन्हा जागा मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.