मोजणारे आणि मोजले जाणारे



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विकासाच्या शास्त्रावर आम्ही बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण ज्यांचा विकास करावयाचा त्या माणसांत आमची हयात गेली, एवढाच आमचा अधिकार.

आपल्या मालाडच्या शेजारी, गोरेगाव पूर्वेला फिल्मसिटीच्या रस्त्यावर, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. रिझर्व्ह बँकेने ती १९८७ साली स्थापिली. १९९५ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे विकासाच्या प्रश्नांचा अभ्यास चालतो, विद्यार्थी डॉक्टरेट मिळवितात. कुरारच्या किती मंडळींना हे ठाऊक आहे?

कोणी विचारील, या अभ्यासाने आमच्या ताटात काय पडले? १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी एक हिशेब मांडला. रोज २,२५० उष्मांक पोटात जातील असे जगण्यास, १९६०-६१ च्या भावाने, खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये लागत. एवढाही खर्च न झेपणारे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के व शहरांत ५० टक्के निघाले! त्यांनी उपाय सुचविला तो हाताला काम देण्याचा. इकडे वि. स. पागे रोजगार हमीचा आग्रह धरून होतेच. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे कामांवर आली, आणि १९७७ साली हमीचा कायदा झाला. आपल्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो ना? तो १९७५ साली याच योजनेसाठी बसविला. म्हणजे मालाडच्या कामगाराने बीडच्या मजुराला हात दिला. पुढे ज्याँ द्रेझ व अमर्त्य सेन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या त्या दुष्काळाचा अनुभव जगापुढे ठेवला, आणि २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. हिशेब विद्वानांचा, खडी फोडणारे हात मजुरांचे.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात पाहणी करणारा तरुण आला. मालकाचा माणूस शेजारीच उभा होता. नोकऱ्या जातील या भीतीने आम्हीच सभासदांना सांगितले, 'किमान वेतन मिळते म्हणून सांगा.' त्यांनी तसे सांगितले. पुढे वाटाघाटीत मालकपक्षाने तोच अहवाल आमच्यापुढे टाकला. आमचेच शब्द आमच्या गळ्याशी आले! त्या तरुणाने मजुराला घरी गाठून विचारले नाही, हा त्याचा दोष. पण खोटे वदविले आम्ही.

म्हणून दोन्ही बाजूंना विनंती. विद्वानांनो, माणसाला मालकाच्या नजरेआड विचारा, आणि जे निष्पन्न होईल ते मराठीत, आमच्या वस्तीत येऊन सांगा. कामगारांनो, खरे सांगा, आणि सांगणाऱ्याच्या पाठीशी युनियन उभी करा. माप चुकले तर कपडा बेतता येत नाही. आणि तो कपडा आपल्याच अंगावर चढावयाचा आहे.