पांढरे डाग आणि आपले गैरसमज



पुष्कळ वर्षांपूर्वीं अकोल्यास शिक्षक असतांना एका विद्यार्थ्याच्या हातावर पांढरा डाग पाहून मीं त्यास वेगळ्या बाकावर बसविलें. पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, तें कोड आहे. त्या मुलाची खालीं गेलेली मान मला अद्याप आठवते.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो. त्यावरील केसही कधीं पांढरे होतात, पण स्पर्श पूर्ण कळतो. कोड संसर्गानें होत नाहीं. शिबें बुरशीमुळें, बहुधा छातीपाठीवर येतें. खरवडल्यास बारीक कोंडा निघतो. मुलांच्या गालांवरील फिके, कोरडे चट्टे बहुधा कालांतरानें आपोआप जातात. कुष्ठाचा चट्टा मात्र दुधी नसतो. तो फिकट वा तांबूस असून तेथें बहुधा स्पर्श मंदावतो. डोळे मिटावयास सांगून त्यावर कापसाची वात हलकेच टेकवावी. स्पर्श न कळल्यास, किंवा शंका उरल्यास, डॉक्टरांस दाखवावें.

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं अमरावतीस कुष्ठरुग्णांसाठीं तपोवन उभारलें, तेव्हां समाजानें टाकलेल्यांस आसरा हवा होता. आज सरकारी दवाखान्यांत मिळणाऱ्या मोफत औषधांनीं हा रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. म्हणून डाग दिसतांच तपासणी करावी. बाक मात्र वेगळा करूं नये.