व्हॅक्यूमचा पाइप कुठून कुठे जातो?

तर मंडळी, जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. आयडलिंग हलतंय म्हणून लोक आधी स्क्रू पिळतात. अरे, पाइप बघा ना! सगळे एकदम काढू नका हं. आधी फोटो, मग एकेका टोकाला चिकटपट्टी लावून नंबर.

इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा. व्हॅक्यूमच्या बारीक पाइपाचं कार्ब्युरेटरकडचं टोक काढून तोंडाने हवा ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे. नुसतीच हवा येत राहिली, तर पाइप चिरलाय किंवा डायफ्राम फाटलाय.

ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा जाड पाइप मॅनिफोल्डवरून येतो. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा, स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं नाही, तर गाडी रस्त्यावर काढायची नाही. आयडलिंग नंतर बघू.