पोट लहान झाले, पंगत तशीच राहिली

(एका वसंत व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने ‘कुटुंब आणि आरोग्य’ या विषयावर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



व्याख्यानमालेचे संयोजक निमंत्रण घेऊन घरी आले, तेव्हा मी राजकारणावर बोलावे अशी त्यांची इच्छा होती. तीस वर्षे वृत्तपत्रात काढलेल्या माणसाकडे दुसरे कोण काय मागणार? परंतु चहा घेताना त्यांच्या लक्षात आले, की मी अर्धा कप चहा वीस मिनिटे घोट-घोट पीत आहे आणि पुढ्यातील बेसनाच्या लाडवाला हातही लावलेला नाही. याच गृहस्थांनी पूर्वी मला एका बैठकीत अकरा लाडू संपवताना पाहिले होते. ते काळजीने म्हणाले, ‘‘प्रकृती ठीक आहे ना?’’ त्या प्रश्नाचे मी खरे उत्तर दिले आणि आजचा विषय ठरला.

२०२१ च्या नोव्हेंबरात मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तिला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. तिचे अनेक प्रकार आहेत. माझ्यावर झाली ती ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. तीत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. जिथे लिटर-दीड लिटर अन्न सहज मावत होते, तिथे सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर मावते. म्हणजे चहाचा एक कप. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ असे म्हणणाऱ्या समाजात आपण होऊन पोटावर शस्त्र चालवून घेणारा माणूस जरा विचित्रच ठरतो.

ही वेळ का आली? माझे वजन १२८ किलो होते. उंची पाच फूट सहा इंच. मधुमेहासाठी दिवसातून दोनदा इन्शुलिन आणि रात्री श्वास अडकू नये म्हणून नाकावर यंत्राचा मुखवटा. आहारनियंत्रण, सूर्यनमस्कार, चालणे हे सारे मी केले होते. प्रत्येक वेळी आठ-दहा किलो उतरत आणि वर्षभरात बारा किलो परत येत. स्थूलता हा केवळ संयमाचा अभाव नसून शरीर आपले वाढलेले वजन चिवटपणे राखून ठेवते, हे वैद्यकशास्त्र आज सांगते. मला ते ठाऊक नव्हते. मी स्वतःला दुबळ्या मनाचा समजत होतो, आणि समजावणारेही तसेच समजत होते.

येथे एक कबुली देतो. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये आणि अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली, त्याच्या बातम्या आम्हीच छापल्या होत्या. त्यात लपवण्यासारखे काही नाही, हे मी इतरांना सांगत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र कार्यालयात ‘हर्निया’ असे सांगून रजा घेतली. घरात फक्त पत्नीला ठाऊक होते. आईला ‘पोटाचे किरकोळ काम’ एवढेच सांगितले. पुढचा सगळा गुंता या खोटेपणातून सुरू झाला.

आता पश्चात्तापाविषयी. तो झाला, आणि अगदी लवकर झाला. पहिले दोन आठवडे केवळ द्रवाहार, मग गाळलेले वरण, मग मऊ भात असा क्रम असतो. सतराव्या रात्री शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी पन्नाशी उलटलेला माणूस स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. भूक लागलेली नव्हती. जठराच्या काढलेल्या भागातच भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होते, त्यामुळे पहिल्या काळात पोटाची भूक जवळजवळ मेलेली असते. उरलेली भूक मनाची होती. तिच्यावर शस्त्रक्रिया झालेली नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. वेगाने वजन उतरते आणि प्रथिने कमी पडतात तेव्हा असे होते आणि पुढे बहुधा थांबतेही, पण आरशासमोर हे तर्कशास्त्र चालत नाही. शाकाहारी माणसाला दिवसाकाठी साठ ग्रॅम प्रथिने पोटात घालणे म्हणजे एक नोकरीच असते. वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम, आणि वाटीभर वरण खायला मला अर्धा तास लागे. जेवताना पाणी प्यायचे नाही. ते अर्ध्या तासाने. एखादा घास घाईत गिळला की छातीत दगड अडकल्यासारखे व्हायचे.

परंतु सर्वांत मोठा धक्का बसला तो भाच्याच्या मुंजीत. आमच्या कुटुंबात माझी ओळख ‘खाणारा मामा’ अशी. संघ शिक्षा वर्गात जिलब्यांच्या पैजा मी जिंकलेल्या. वार्तांकनासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडलो, तेव्हा कार्यकर्त्यांच्या घरी जेवलो आणि प्रत्येक घरच्या माउलीने ‘यांना वाढायला आनंद वाटतो’ अशी पावती दिली. ती माझी कीर्ती होती, बंधूंनो! अग्रलेखांपेक्षा ती अधिक दूरवर पोहोचलेली होती. मुंजीच्या पंगतीत मी बसलो. यजमानांनी आग्रह केला, मग त्यांच्या वडीलबंधूंनी, मग विहिणींनी. ‘आमच्याकडचे आवडले नाही का?’ हे वाक्य तीनदा ऐकल्यावर मी एक जिलबी आणि त्यामागून मठ्ठ्याचा पेला घेतला. दहा मिनिटांत दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली आणि मंडपामागे जाऊन उलटी झाली. गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरला की शरीर असे उत्तर देते; त्याला ‘डंपिंग’ म्हणतात. मंडपात कुजबुज झाली, की याला काहीतरी दुर्धर आजार झाला आहे, म्हणून इतका वाळला. आईच्या कानावर ती तशीच गेली.

त्या रात्री आईने मला समोर बसवून विचारले, तेव्हा मी सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अरे, पोट कापलंस, आणि मला विचारलं नाहीस? मी काय नको म्हटलं असतं?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘म्हणून माझी पुरणपोळी परत करत होतास होय. मला वाटलं, आता माझ्या हाताला चव राहिली नाही.’’ चार महिने ती माउली हे मनात घेऊन पोळ्या लाटत होती. माझ्या पश्चात्तापात सर्वांत जड कोणती गोष्ट असेल, तर ही. शस्त्रक्रिया करायला नको होती, असे मी त्या महिन्यांत अनेकदा म्हटले. पण एकट्याने, गुपचूप करायला नको होती, हे मला त्या रात्री कळले.

माझा अनुभव एकट्याचा आहे का, हे पाहण्यासाठी पुढे मी बरेच वाचले. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो स्थूल रुग्णांचा पाठपुरावा करणारा एक प्रसिद्ध अभ्यास चालला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे सरासरी आयुर्मान तशाच स्थूल पण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक आढळले. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले, की जगण्याचे समाधान पहिल्या वर्षी शिखरावर जाते आणि मग सहाव्या वर्षापर्यंत हळूहळू उतरत जाऊन स्थिरावते. पूर्वीपेक्षा बरे, पण पहिल्या वर्षाइतके नाही. अमेरिकेतील यूटा राज्याचा २००७ चा अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. परंतु अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. देह सावरतो तेव्हा मन आपोआप सावरते, असे नव्हे. मद्य घेणाऱ्यांना ते शस्त्रक्रियेनंतर अधिक वेगाने चढते आणि काहींना नव्याने व्यसन लागते, हेही नोंदले गेले आहे. २०१८ मध्ये आलेल्या आणखी एका स्वीडिश संशोधनानुसार, शस्त्रक्रियेनंतर विवाहितांत घटस्फोटांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि एकट्यांत नवे विवाह जुळण्याचे. म्हणजे कापले जाते एकाचे पोट, आणि हलते सारे घर.

आमच्या घरी घटस्फोटाची वेळ आली नाही, पण अबोला पुष्कळ झाला. पंचवीस वर्षे जिने माझ्या आवडीनुसार स्वयंपाक रचला, तिच्यासमोर मी तीन चमचे खिचडी खाऊन उठत असे. ती मग एकटी कशी जेवणार? कित्येक दिवस ती उभ्या उभ्या जेवत होती. हे मला तिने सांगितले नाही, मुलीने सांगितले. त्या दिवसापासून मी माझी वाटी संपली तरी ताटावरून उठत नाही. सर्वांचे होईपर्यंत बसून राहतो आणि बोलतो. पूर्वी तोंडात घास असल्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता!

आपल्या पूर्वजांनी याचा विचार केला नव्हता असे नाही. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाला होणारे त्रास तपशिलाने सांगितले आहेत. विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा, असा विचार आहे. आपण परंपरेतून नेमके काय उचलले? पंगतीतला आग्रह उचलला आणि पोटातली मोकळी जागा विसरलो. पानात टाकू नये, हा संस्कार थोर आहे. पण तो पाळायचा तर आधी पानात कमी वाढले पाहिजे. आणि आपल्याच मंडळींना सांगतो, रागावू नका. शिबिरात, बैठकीत एखाद्या जाड कार्यकर्त्यावर विनोद झाला नाही असा दिवस जात नाही. त्यालाच भोजनाच्या वेळी ‘तुमच्यासारख्याने एवढ्याने कसे भागेल’ म्हणून दोन पोळ्या अधिक वाढतात. त्याने शस्त्रक्रिया केली, तर ‘सोपी वाट धरली’ म्हणतात. या वाटेवर मला अजून काही सोपे भेटलेले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे आहेत. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये घरातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांची वजन उतरवणारी साप्ताहिक इंजेक्शने त्याच वर्षी आपल्या बाजारात आली. ती थांबवल्यावर उतरलेल्या वजनापैकी बरेच परत येते, असा अनुभव आहे. त्यांचा निर्णय डॉक्टरांनी करावा. मी पत्रकार, मी एवढेच सांगेन, की मनाच्या भुकेची विचारपूस त्या वाटेवरही करावी लागेल.

माझे आज कसे चालले आहे? वजन ८४ पर्यंत उतरले होते, आज ९१ आहे. इन्शुलिन सुटले; रात्रीचा मुखवटा माळ्यावर गेला. जळजळ अधूनमधून होते, झोपताना उशी उंच लागते. पोटाची कातडी सैल लोंबते. ती काढण्याचे काम सौंदर्यासाठीचे समजून विमा कंपन्या सहसा त्याचे पैसे देत नाहीत. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाकडे जन्मभर लक्ष ठेवायचे आहे आणि वर्षातून किमान एकदा रक्त तपासायचे आहे. पहिल्या वर्षी मी एकादशीचा उपास हट्टाने केला आणि चक्कर येऊन पडलो. आता एकादशीला जप करतो. सत्यनारायणाचा प्रसाद मात्र घेतो, शेंगदाण्याएवढा. पश्चात्ताप पूर्ण गेला, असे म्हणणार नाही. आंब्याच्या दिवसांत तो नेमाने येतो.

आईने तिच्या परीने तोडगा काढला. देवघरात नैवेद्याचे एक छोटे चांदीचे ताट आहे, तळहाताएवढे. एका रविवारी तिने त्याच मापाचे स्टीलचे ताट बाजारातून आणले आणि त्यात माझे जेवण वाढले. चिमूटभर कोशिंबीर, दोन घास भात, चतकोर पोळी, वर तुपाचा थेंब, डावी-उजवी बाजू सगळी शास्त्रोक्त. म्हणाली, ‘‘आता देवाएवढंच खातोस, निदान त्याच्यासारखा शांत तरी बस.’’

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एक तरुण कार्यकर्ता भेटायला आला. वजन १४० च्या घरात, वय बत्तीस. शस्त्रक्रिया करू का, असे विचारत होता. मी त्याला उत्तर दिले नाही. घरी कोणाकोणाला सांगितले आहेस, एवढेच विचारले. त्याने मान खाली घातली. चार दिवसांनी त्याच्या आईचाच फोन आला. ‘‘भाऊ, त्याला काय आवडतं ते मला ठाऊक आहे. किती वाढायचं आणि तो नको म्हणाला की काय करायचं, तेवढं सांगा.’’ मी म्हटले, ‘‘ताई, हे मला नाही सांगता येणार,’’ आणि फोन आईच्या हाती दिला. दोघी पाऊण तास बोलत होत्या.