ताशा पाण्यात सोडू नका

मला विषय दिलाय हृदयाच्या ठोक्यांचा. पेसमेकर काय असतो ते सांगत बसत नाही. आमच्या माहीममध्ये प्रत्येक इमारतीत एखादे आजोबा तो बाळगून असतात. मी बोलणार आहे ते आजोबा गेल्यानंतरचं. अभद्र वाटेल, पण रेडिओ बंद करू नका.

मिरवणूक आठवा. ताशा कडाडतो, मग ढोल पडतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असाच एक ताशेवाला असतो. त्याचा हात चुकायला लागला, की आम्ही डॉक्टर खांद्याखाली कातडीच्या आत दुसरा बसवतो. पहिला नीट वाजवतोय तोवर हा गप्प; तो चुकला की ह्याचा हात पडतो. बॅटरी आठ-दहा वर्षांची. माणूस दोनच वर्षांत गेला तर? विसर्जनाला मूर्तीबरोबर ताशाही कुणी समुद्रात सोडतं का?

चितेत पेसमेकर फुटतो, म्हणून तो आधी काढतातच. छोटासा छेद, काही मिनिटांचं काम. मग तो कुठे जातो? गोदरेजच्या कपाटात, जुन्या चष्म्याशेजारी!

आणि खाडीपलीकडे, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात काय झालं ऐका. अमेरिकेत अंत्यविधी करणाऱ्यांनी दिलेले १२१ पेसमेकर तपासले. पुरेशी बॅटरी असलेले ५३ निघाले. ते निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसवले. डॉ. यश लोखंडवाला त्या संशोधकांत होते. २०१२ साली निष्कर्ष छापून आले: जंतुसंसर्ग नाही, यंत्र बंद पडणं नाही. पुढे २०२० मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अशा हजारावर रुग्णांची नव्या यंत्रवाल्यांशी तुलना केली. संसर्गात ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे ताशा आणायचा अमेरिकेहून, आणि आपला कपाटात! पुन्हा सांगतो, कारण मघाशी कुणी चहा ठेवायला उठलं असेल: काढलेला पेसमेकर फेकू नका, आपल्या हृदयतज्ज्ञांना विचारा. आजोबांनाच आत्ता विचारा. ते तुमच्याइतके बिचकणार नाहीत.

कंपन्या त्यावर ‘एकदाच वापरा’ असं लिहितात, नियमही आहेत, त्यामुळे घरच्या घरी कुणाला देऊन टाकायची ही वस्तू नव्हे. त्या नियमांबद्दल बरंच बोलायचं होतं, पण काचेपलीकडून हात दिसतोय. एवढंच: पेसमेकरऐवजी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला झटका देणारं यंत्र, असेल तर काढण्याआधी ते बंद करायला सांगा, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसायचा.