लाकडी रूळ, पोलादी रूळ

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सगळं बोलून झालेलं आहे. त्यामुळे रोलर कोस्टर हा विषय मी सुचवला, तेव्हा संयोजकांनी आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहिलं. हे यंत्र माणसाला जिथून उचलतं तिथेच आणून सोडतं, हे कबूल. पण एवढ्यासाठी भल्याभल्या अभियंत्यांनी आयुष्यं घालवली आहेत, आणि त्यांच्यातला एक वाद अजून मिटलेला नाही: रूळ लाकडाचा हवा की पोलादाचा?

आपल्यापैकी बरेच जण मुला-नातवंडांबरोबर खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आले असतील. तिथली नायट्रो ही स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड कंपनीची, पायाखाली फरशी नसलेली, पाच वेळा उलटं करणारी. रंगवलेले जाड पोलादी पाईप आणि त्यांना तिन्ही बाजूंनी धरून धावणारी चाकं. आपल्या मनात रोलर कोस्टरचं चित्र आहे ते हेच. लाकडी म्हटलं की जत्रेतलं काहीतरी कामचलाऊ डोळ्यांपुढे येतं. तर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची सायक्लोन १९२७ सालची आहे, ८५ फूट उंच आहे आणि ताशी साठ मैलांनी धावते. ती लाकडी म्हणून ओळखली जाते. तिच्या पहिल्या उताराकडे वरून पाहिलं, की कामचलाऊ हा शब्द मागे घ्यावा लागतो.

मात्र सायक्लोन तुम्ही खालून पाहिलीत तर बुचकळ्यात पडाल. तिचा सांगाडा पोलादाचा आहे. उलट ओहायोतल्या सीडर पॉइंट या करमणुकीच्या बागेत जेमिनी नावाची १९७८ सालची कोस्टर आहे. तिचा सांगाडा लाकडाचा, पण ती पोलादी गणली जाते. कारण सांगाड्याला या हिशेबात किंमत नाही. चाक ज्याच्यावर धावतं ते काय आहे, एवढंच पाहायचं. सायक्लोनचं चाक लाकडावर आहे, जेमिनीचं पोलादी नळीवर.

आता लाकडाचा रूळ म्हणजे एक मोठा ओंडका, असं समजू नका. फळ्या एकावर एक सात-आठ थरांत रचतात. सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत, खिळे आणि बोल्ट मारून त्या आवळतात आणि सगळ्यांत वर पोलादाची एक पट्टी बसवतात. चाक टेकतं ते या पट्टीवर, पण पट्टी पातळ; भार पेलतं ते खालचं लाकूड. फळी सपाट बाजूने सहज वाकते, धारेच्या बाजूने वाकत नाही. म्हणून आडवी वळणं फळ्या कापून, जोडून साधावी लागतात. हे काम जागेवर, उंचावर, सुतार करतात. नकाशात वळण कसंही असो, शेवटचा अर्धा इंच सुताराच्या हातात असतो.

शिवाय लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. त्यामुळे बागेचं फाटक उघडण्याआधी रोज सकाळी माणसं रुळावरून चालत जातात, साखळी गाडीला ओढून नेते त्या लिफ्टच्या चढणीवरून वर, उतारावरून खाली. कुठे खिळा वर आलाय, कुठे बोल्ट सैल आहे, कुठली फळी चिरली आहे, हे डोळ्यांनी आणि पान्याने तपासायचं. हंगाम संपला की हिवाळ्यात रुळाचे पट्टेच्या पट्टे काढून नवे घालायचे. सायक्लोन १९८८ पासून न्यूयॉर्क शहराची संरक्षित वास्तू आहे, पण तिच्या रुळाची लाकडं कितीतरी वेळा बदलून झाली आहेत. लाकडी कोस्टर बांधून कधी संपतच नाही.

थोडा इतिहास सांगतो, मात्र भराभर. १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थाने कोनी आयलंडवर स्विचबॅक रेल्वे सुरू केली. मूळचा मोजे विणण्याच्या धंद्यातला माणूस, धार्मिक वृत्तीचा. लोकांनी दारूच्या गुत्त्यात जाण्याऐवजी निर्मळ करमणूक करावी ही त्याची इच्छा. भाडं पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. पलीकडे पोचलं की उतरायचं, नोकर डबा ढकलत दुसऱ्या मनोऱ्यावर नेणार, मग परत यायचं. आज आपण याला झोपाळू म्हणू, पण तेव्हा रांगा लागल्या.

खरा कर्तृत्ववान माणूस जॉन मिलर. लिफ्टच्या चढणीवर येणारा तो कट-कट-कट आवाज आठवा, ज्याने पोटात गोळा येतो. डब्याखालचा खटका दातेरी पट्टीवर अडकत जातो त्याचा तो आवाज. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये यासाठीची ही युक्ती मिलरची. आपण घाबरतो त्या आवाजाला, आणि तोच आपल्याला धरून ठेवत असतो! त्याचं दुसरं काम याहून मोठं. १९१९ साली त्याने रुळाच्या खालून चालणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. त्याआधी गाडी रुळावर नुसती ठेवलेली असायची. पेनसिल्व्हेनियात अल्टूना इथे लीप-द-डिप्स नावाची १९०२ सालची कोस्टर आहे, अस्तित्वात असलेल्यांत सर्वांत जुनी. तिला ही खालची चाकं नाहीत, म्हणून तिची उंची एक्केचाळीस फूट आणि चाल बेताची. मिलरच्या चाकाने गाडी रुळाला बांधली गेली आणि मग उतार हवे तेवढे उभे करता येऊ लागले.

बांधली कशासाठी? गाडी उंचवट्यावरून सुसाट गेली की तिला वर उडायचं असतं, रूळ मात्र खाली वळलेला असतो. चाक गाडीला खाली ओढतं आणि आपण सीटवरून उठतो. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधक ओलांडलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. याला तिकडे एअरटाइम म्हणतात. शेवटच्या डब्यात तो जास्त मिळतो. पुढचा डबा टेकडीच्या माथ्यावर असताना गाडीचा बाकी भार चढणीवरच असतो, त्यामुळे तो माथा रेंगाळत ओलांडतो. शेवटचा डबा माथ्याशी येईपर्यंत पुढचे सगळे उताराला लागलेले असतात आणि ते याला हिसका देऊन पलीकडे फेकतात.

या खेळात लाकडाला एक नैसर्गिक फायदा आहे, आणि तो त्याच्या दोषातून आलाय. लाकडी रुळावर चाक आणि रूळ यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, कारण रूळ रोज तसूभर बदलतो. त्या फटीमुळे गाडी डावी-उजवीकडे घासते, खडखडते, सांगाडाही हलतो. तो हलावा अशीच त्याची रचना असते; ताठ लाकूड मोडतं. पण बसलेल्या माणसाला हे कुठे ठाऊक असतं? त्याला वाटतं, आता मोडणार. सकाळी ग्रीस थंड असतं तेव्हा गाडी जरा सुस्त असते, दुपारनंतर ऊब धरते, रात्री त्याच रुळावर वेगळीच धावते. पोलादी गाडीतही हवामानाचा फरक पडतो, पण इतका नाही.

पोलादाची खरी गोष्ट १९५९ साली सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स सुरू झाली. ॲरो कंपनीचे कार्ल बेकन आणि एड मॉर्गन यांनी पोलादाची नळी वाकवून तिचाच रूळ केला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नळी कुठल्याही दिशेला वाकते, पिळतासुद्धा येते. फळीचं बंधन गेलं. १९७५ साली याच कंपनीने नॉट्स बेरी फार्म या बागेत कॉर्कस्क्रू उभी केली आणि माणसं नित्यनेमाने उलटी होऊ लागली.

उलटं होण्याचा प्रयत्न आधीही झाला होता. कोनी आयलंडवर १८९५ साली फ्लिप फ्लॅप नावाची गाडी पूर्ण गोलातून फिरायची आणि लोकांच्या माना दुखावायच्या. दोष गोलाचा होता. हिशेब करून पाहा: अचूक वर्तुळाच्या माथ्यावर गाडी स्वतःच्या वेगाने जेमतेम टिकायची असेल, तर तळाशी बसणाऱ्याला आपल्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो, आणि तोही सपाट रुळावरून वर्तुळात शिरताक्षणी, एका झटक्यात. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल याने १९७६ साली मॅजिक माउंटन या बागेतल्या रेव्होल्यूशन या कोस्टरसाठी वर्तुळ सोडून दिलं. तळाशी वळणाची त्रिज्या मोठी ठेवायची आणि वर जाताना ती कमी कमी करत न्यायची. आकार उलट्या थेंबासारखा झाला, दाब हळूहळू चढू लागला आणि माना वाचल्या. नायट्रोवर आपण हसत-ओरडत उलटे होतो ते या गणिताच्या पुण्याईने. अभियांत्रिकी म्हणून विचाराल तर पोलाद कितीतरी पुढे गेलं, यात मला तरी शंका नाही.

मग लाकूड संपलं का? संपतच आलं होतं. मंदी, महायुद्ध आणि दूरचित्रवाणी यांत शेकडो लाकडी कोस्टर पाडल्या गेल्या. आगीची भीती होतीच. कोनी आयलंडवरची ड्रीमलँड ही अख्खी बाग १९११ साली, हंगाम सुरू होण्याच्या ऐन तोंडावर, जळून गेली होती. पण १९७२ साली ओहायोत किंग्ज आयलंड या बागेत जॉन ॲलन या रचनाकाराने रेसर बांधली, शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन गाड्यांची, आणि लोकांना लाकडाची पुन्हा चटक लागली. १९७९ साली तिथेच जंगलातून जाणारी बीस्ट आली, सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीची. लाकडीत आजही तिच्याहून लांब दुसरी नाही.

या काळातली माझी सर्वांत आवडती गोष्ट टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोची. तिथे रॉकेट नावाची जुनी लाकडी कोस्टर होती. बाग १९८० साली बंद पडली आणि कोस्टर उन्हापावसात उभी राहिली. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबल्स या बागेने ती विकत घेतली. पोलादी असती तर बोल्ट काढून ट्रकवर चढवता आली असती. नॉट्सची कॉर्कस्क्रू पुढे अशीच आयडाहोला गेली. रॉकेट मात्र एकेका लाकडाला खुणेची चिठ्ठी लावत उतरवली आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला पुन्हा रचली. १९८५ साली ती फीनिक्स या नावाने सुरू झाली. एअरटाइमचे शौकीन आजही तिला पहिल्या रांगेत बसवतात. भंगारात जाण्याच्या लायकीच्या वस्तूवर इतकी मेहनत घेणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

याच्या नेमकं उलट उदाहरण किंग्ज आयलंडचंच. बीस्टच्या यशाने हुरळून त्यांनी २००० साली सन ऑफ बीस्ट बांधली. उंची २१८ फूट, आणि वर लाकडी कोस्टरमध्ये एक लूप, म्हणजे गाडीला उलटं फिरवणारा गोल. लाकडाने पोलादाचं काम करून दाखवावं असा हा हट्ट. २००६ साली सांगाड्यातलं एक लाकूड चिरलं, गाडीला जबर धक्का बसला आणि २७ जण जखमी झाले. लूप काढला, हलक्या गाड्या आणल्या, तरी २००९ साली ती कायमची थांबली आणि २०१२ साली पाडली. बापाचा, बीस्टचा, धंदा मात्र जोरात चालू आहे, कारण ती लाकडाला झेपेल तेवढंच मागते.

गेल्या दशक-दीड दशकात तिसराच प्रकार आला. आयडाहोतल्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने थकलेल्या लाकडी कोस्टरचा सांगाडा ठेवून वर नव्या घडणीचा पोलादी रूळ बसवायला सुरुवात केली. पहिली २०११ साली टेक्ससमध्ये. सीडर पॉइंटची मीन स्ट्रीक ही हाडं खिळखिळी करण्याबद्दल बदनाम होती. २०१८ साली तीच स्टील व्हेंजन्स होऊन आली, २०५ फूट उंच, चार वेळा उलटी होणारी आणि लोण्यासारखी मऊ. त्याच कंपनीची २०१३ सालची आउटलॉ रन ही मिझुरीतली कोस्टर लाकडी म्हणवते आणि तीन वेळा उलटी होते. तिच्या रुळात खाली लाकडाचे थर आहेत आणि वरचे थर काढून पोलादाची पेटी बसवली आहे. ती लाकडी की पोलादी, यावर शौकिनांत हमरीतुमरी होते. माझं मत विचाराल तर चाकाखाली पेटी आली की लाकूड फक्त आधाराला उरतं. पण जुन्या कोस्टरचे सांगाडे तरी वाचले, हे काही कमी नाही. लाकडी कोस्टर बांधायला तुलनेने स्वस्त आणि सांभाळायला महाग. दरवर्षी सुतारांचा खर्च पाहणाऱ्या बागमालकापुढे बहुतेक वेळा दोनच रस्ते असतात, पोलाद चढवायचं नाहीतर बुलडोझर बोलवायचा.

तरी सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या मऊ व्हाव्यात हे मला पटत नाही. पोलादी कोस्टरने मला थक्क केलंय, पण ती काय करणार हे तिसऱ्या फेरीला पाठ होतं. लाकडी पाठ होत नाही. कालच्या पावसाचा, आजच्या उन्हाचा आणि सकाळी वर गेलेल्या सुताराचा हात तिच्यात मिसळलेला असतो.

आता वेळ झाली, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं न्यू जर्सीत आहेत. उन्हाळ्यात तिकडे गेलात की ती तुम्हाला नायगारा दाखवतील, टाइम्स स्क्वेअर दाखवतील. एक दिवस मागून घ्या आणि मॅनहॅटनहून सबवेने कोनी आयलंडला जा. सायक्लोनवर सकाळी बसू नका, ऊन उतरल्यावर बसा, आणि शेवटचा डबा धरा. चष्मा खिशात, खिशाला बटण. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर मात्र खाली बाकावर बसून नातवंडांच्या चपला सांभाळा. सांगाडा हलताना तिथूनही चांगला दिसतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, दहा मिनिटं आहेत.